गाडीत हॅम रेडिओ बसवायचाय? आधी टप, मग तार, शेवटी सेट

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आला, कॉलसाइन (रेडिओवरचं आपलं ओळखनाव) मिळालं, हँडीवरून (हातातल्या छोट्या सेटवरून) जवळच्या रिपीटरवर (ऐकलेला सिग्नल उंचावरून पुन्हा पुढे पाठवणाऱ्या केंद्रावर) दोन-चार गप्पा झाल्या, की पुढचा प्रश्न ठरलेला: गाडीत कुठला सेट बसवू? त्यावर जो तो आपल्या आवडीचं मॉडेल सांगतो आणि चर्चा तिथेच अडकते. गाडीच्या बाबतीत मात्र ‘आधी कळस मग पाया’ हेच बरोबर आहे. अँटेना टपावर कुठे बसणार ते पहिलं ठरवा, बॅटरीपासून तार कुठून येणार ते दुसरं, आणि सेट सगळ्यात शेवटी. साधा सेट चांगल्या अँटेनावर वर्षानुवर्षं खणखणीत चालतो. भारी सेटला वाईट जागी लावलेली अँटेना दिली, तर त्यातली निम्मी बटणं शोभेची.

हा लेख १४४ आणि ४३० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे टू मीटर (व्हीएचएफ) आणि सेव्हंटी सेंटिमीटर (यूएचएफ) बँडच्या एफएम सेटबद्दल आहे. नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी. प्रक्षेपणासाठी परवाना लागतोच. बँडच्या कडा, कमाल वॉट आणि गाडी चालवताना माइक हातात धरायला परवानगी आहे की नाही, हे प्रत्येक देशात वेगळं असतं. ते आपापल्या नियमांत बघून घ्या.

हँडीने भागणार नाही का?

कधीकधी भागतं. हँडी साधारण ५ वॉटची असते आणि तिची रबरी अँटेना गाडीच्या पत्र्याच्या आत राहते. लहरी खिडक्यांतून जेवढ्या बाहेर पडतील तेवढ्याच. याच हँडीला टपावरची चुंबकी अँटेना जोडली तर एकदम दुसरीच हँडी घेतल्यासारखं वाटतं. म्हणून मी नव्या माणसाला आधी अँटेना घ्यायला सांगतो. पुढे सेट घेतला तरी ती वाया जात नाही. फक्त जाड कोअॅक्स (अँटेनाची केबल) थेट हँडीच्या नाजूक कनेक्टरला लटकवू नका. मध्ये वीतभर पातळ, लवचिक जोडकेबल घाला, नाहीतर सॉकेट सैल होतं.

गाडीतला सेट साधारण ५० वॉटचा असतो. ५ वरून ५० म्हणजे १० डेसिबलची वाढ. समोरच्याच्या एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर) ती जेमतेम दीड-दोन काटे दिसते. खरखरीत ऐकू येणारा आवाज त्याने स्वच्छ होतो, पण डोंगराच्या पलीकडचं जग त्याने उघडत नाही. या बँडवर पल्ला ठरतो तो उंचीवर. ढोबळ हिशेब असा: दोन्ही अँटेनांच्या उंचीची, मीटरमध्ये, वर्गमुळं काढा, त्यांची बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. जमिनीपासून २ मीटरवर अँटेना असलेल्या दोन गाड्यांसाठी ते येतं साडेअकरा किलोमीटरच्या आसपास, तेही सपाट, मोकळ्या जमिनीवर. तेच समोर आजूबाजूच्या जमिनीपासून ४०० मीटर उंच डोंगरावरचा रिपीटर असेल तर जवळजवळ ८८. वॉट वाढवण्यापेक्षा रिपीटरची यादी हाताशी ठेवणं जास्त कामाचं, ते यासाठी.

पहिली पायरी: अँटेना आणि तिची जागा

टपाचा मध्य ही सर्वोत्तम जागा, यात वाद नाही. पाव लहरीच्या, म्हणजे लहरीच्या पाव लांबीच्या, अँटेनाचा उरलेला अर्धा भाग म्हणजे तिच्याखालचा पत्रा. चारही बाजूंना पत्रा सारखा पसरलेला असेल तर लहरी चारही बाजूंना सारख्या जातात. अँटेना डिकीच्या कोपऱ्यावर लावली तर गाडीचा जास्त पत्रा जिकडे आहे तिकडे थोडी जास्त जाते आणि उलट बाजूला कमी. चालतं, पण वळण घेतलं की सिग्नल बदलतो. टपाच्या मध्याचा आणखी एक फायदा कोणी फारसा सांगत नाही: पत्र्यामुळे आत बसलेल्या माणसांवर येणारी रेडिओ ऊर्जा कमी होते. गाडी उभी असताना बाहेर कोणी अँटेनाला टेकून उभं असेल तर मात्र पीटीटी (माइकवरचं बोलायचं बटण) दाबू नका.

बसवण्याचे मार्ग मुख्यतः तीन.

पहिला, चुंबकी तळ. छिद्र नाही, गाडी विकताना कटकट नाही. नवख्यासाठी हाच घ्या. लावण्यापूर्वी टप आणि तळाचा खालचा भाग ओल्या फडक्याने पुसा. मध्ये धुळीचा एखादा कण राहिला तर तो महिनाभरात रंगावर गोल चरा पाडतो. काढताना केबलला धरून ओढू नका. तळाची एक कड बोटाने उचलून तिरकी करा, मग तो आपसूक सुटतो. अॅल्युमिनियमच्या किंवा फायबरच्या बॉडीला चुंबक चिकटत नाही आणि टपाचा मोठा भाग काचेचा असेल तर जागाच उरत नाही. गाडी बघायला जाताना खिशात छोटं चुंबक ठेवावं, असं मी गंमतीने म्हणतो, पण त्यात तथ्य आहे.

दुसरा, डिकीच्या किंवा दाराच्या कडेला स्क्रूने आवळायचा क्लॅम्प. यात अँटेना हलत नाही, पण स्क्रूची टोकं रंग खरवडून पत्र्याला भिडली पाहिजेत. रंगावरच आवळलेला क्लॅम्प म्हणजे पत्र्याशी न जोडलेली अँटेना. आणि खरवडलेल्या जागी गंज धरू नये म्हणून वरून थोडं ग्रीस.

तिसरा, टपाला छिद्र पाडून बसवलेला एनएमओ माउंट. नेहमीच्या प्रकाराला १९ मिलिमीटरचं छिद्र लागतं. तांत्रिकदृष्ट्या याला तोड नाही. पण टपाच्या आतल्या अस्तरामागे दिव्यांच्या तारा असतात, कडेने पडदा एअरबॅग असते. हे काम माहितगाराकडूनच करून घ्यावं. काचेवर चिकटवायच्या अँटेनाबद्दल न बोललेलं बरं. काचेत धातूचा अंश असलेला थर असेल तर ती चालतच नाही.

आता लांबी. १४५ मेगाहर्ट्झला पाव लहर साधारण ४९ सेंटिमीटर, ४३५ ला साडेसोळा. गंमत म्हणजे ४९ सेंटिमीटरची साधी काडी ४३५ वर पाऊण लहरीची होते आणि बऱ्यापैकी जुळते, फक्त तिथे तिचा झोत थोडा वर जातो. पाच-अष्टमांश लहरीची अँटेना सव्वा मीटरच्या घरात जाते. मोकळ्या मैदानात तिचा क्षितिजाकडचा झोत उपयोगी पडतो. पण डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून माथ्यावरचा रिपीटर उघडायचा असेल तर अनेकांना साधी पाव लहरच सरस वाटते. शिवाय सव्वा मीटरची काडी झाडांच्या फांद्यांना आणि तळघरातल्या पार्किंगच्या छताला भिडते. पहिली अँटेना अर्धा मीटरचीच बरी. उंच घेतलीच तर खाली दुमडणारा सांधा असलेली घ्या.

केबल म्हणून आरजी-५८ किंवा त्याहून चांगली. ५ मीटर आरजी-५८ मध्ये १४५ वर सुमारे १ डेसिबल आणि ४३५ वर साधारण दुप्पट जातं. फार पातळ केबल लावलेल्या स्वस्त चुंबकी अँटेना मिळतात. त्यात यूएचएफची बरीच ताकद केबलमध्येच जिरते. केबल दाराच्या रबरातून आत घेताना ती कोपऱ्यात चेपणार नाही अशी जागा निवडा आणि आत शिरण्यापूर्वी खाली झुकणारा एक छोटा झोळ सोडा. पावसाचं पाणी केबलवरून ओघळतं, झोळाच्या तळाशी थेंब बनून पडतं आणि गाडीत येत नाही. झोळ नसेल तर तेच पाणी केबलसोबत सरळ आत येतं आणि सीटखालच्या गालिच्यात मुरतं.

दुसरी पायरी: वीज

सगळ्यात जास्त जुगाड इथे होतात, आणि आग लागायची भीतीही इथेच. ५० वॉटचा सेट प्रक्षेपण करताना १० ते १२ अँपिअर ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमागची तार आणि त्याचे ढिले स्प्रिंगचे संपर्क सतत एवढ्या प्रवाहासाठी नसतात. तिथे हँडी चार्ज करा, कमी वॉटवर थोडा वेळ बोलायचं असेल तर बोला. पण ५० वॉटसाठी थेट बॅटरीवरूनच तार आणायची.

तारेची जाडी का महत्त्वाची, ते आकड्यांत बघा. बॅटरी ते सेट ४ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८ मीटर तांबं. १ चौरस मिलिमीटरच्या तारेत १२ अँपिअरला जवळजवळ १.७ व्होल्ट वाटेतच गळतात. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टवर असेल तर सेटला मिळतात १०.८. बहुतेक सेट १३.८ व्होल्ट, १५ टक्के कमी-जास्त, म्हणजे ११.७ ते १५.८ या टप्प्यासाठी बनवलेले असतात. त्याखाली आवाज फाटतो किंवा पीटीटी दाबताच सेट बंद पडून पुन्हा सुरू होतो. तेच ४ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर घट अर्ध्या व्होल्टच्याही आत राहते. तारेत हात आखडता घेऊ नका.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचं ऋण टोक काढा. धन तार बॅटरीच्या धन टोकावरून निघेल आणि वीतभर अंतराच्या आत तिच्यावर फ्यूज बसेल. फ्यूज सेटजवळ एक असतो म्हणून बॅटरीजवळ नको, हा गैरसमज आहे. बॅटरीजवळचा फ्यूज वाचवतो तारेला: वाटेत कुठे तार घासून पत्र्याला टेकली तर तोच वितळतो, नाहीतर अख्खी तार तापते. ५० वॉटच्या सेटसोबत बहुधा १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज येतो. मॅन्युअलमध्ये असेल तेवढाच लावा. उडतो म्हणून मोठा घालणं हा उपाय नव्हे.

ऋण तारेबद्दल जुने आणि नवे सल्ले वेगळे आहेत. जुन्या गाडीत ती थेट बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिच्यावरही फ्यूज, अशी रीत होती. कारण बॅटरीची अर्थिंगची (बॉडीला जोडणारी) पट्टी कधी तुटली तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह सेटच्या बारीक तारेतून परत जायला बघतो. पण आता अनेक गाड्यांच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो, आणि टोकाला थेट जोडलेली तार त्याच्या हिशेबातून निसटते. अशा गाडीत ऋण तार बॅटरीच्या अर्थिंगची केबल बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे जोडा. टोकावर प्लॅस्टिकची छोटी डबी आणि तिच्यातून निघणारी बारीक वायर दिसली की समजायचं, सेन्सर आहे.

इंजिनच्या भागातून आत यायला फायरवॉलमध्ये आधीच असलेलं रबरी ग्रोमेट शोधा आणि तार त्यातूनच घ्या. उघड्या पत्र्याच्या कडेवरून नेलेली तार आज ना उद्या कापली जाते. तारेवर नागमोडी प्लॅस्टिकची नळी चढवा. एक्झॉस्टपासून, स्टीअरिंगच्या दांड्यापासून आणि पेडलांपासून लांब बांधा. लग (तारेच्या टोकाचं धातूचं कडं) क्रिम्प केल्यावर, म्हणजे दाबून बसवल्यावर, तार एका हातात, लग दुसऱ्या हातात धरून जोरात ओढून बघा. सुटायचा असेल तर तो आत्ता सुटू दे. फ्यूज सगळ्यात शेवटी घाला.

ट्रक किंवा बसमध्ये यंत्रणा २४ व्होल्टची असते. तिथे २४ वरून १३.८ करणारा कन्व्हर्टर हवाच. विजेवरच्या गाडीत नारिंगी केबलच्या वाटेला जाऊ नका, ती उच्च दाबाची असते. सेटसाठी तिथली वेगळी १२ व्होल्टची बॅटरी वापरायची, पण तिची क्षमता लहान असू शकते आणि काही मॉडेलांत व्होल्टेज १५ च्या वर जातं. आधी मीटरने मोजा.

थेट बॅटरीवरचा सेट चावी काढली तरी चालूच राहतो. नुसतं ऐकत असतानाही तो अर्धा अँपिअरच्या आसपास घेतो. आठवडाभर विसरलात तर गाडी ढकलावी लागेल. सेटमधलं आपोआप बंद होण्याचं फीचर चालू करा किंवा इग्निशनवर चालणारा रिले घाला.

तिसरी पायरी: सेट निवडणं

आता कुठे सेट. एक बँड की दोन? दोन घ्या, कारण तुमच्या भागातले रिपीटर दोन्हींवर विखुरलेले असू शकतात. पण जवळपास फक्त टू मीटरच चालत असेल तर एकाच बँडचा दणकट सेट पुरतो. डिजिटलबद्दल एवढंच: डीएमआर, डी-स्टार आणि सिस्टम फ्यूजन या वेगवेगळ्या डिजिटल पद्धती एकमेकींशी थेट बोलत नाहीत. तुमच्या भागातली मंडळी ज्यावर आहेत तेच घ्या, नाहीतर नुसतं एफएम.

माझ्या मते पैसे मोजावेत असं एकच फीचर आहे: सुटा होणारा पुढचा पॅनल. मुख्य डबा सीटखाली किंवा डिकीत जातो आणि डॅशबोर्डवर तळहाताएवढा पॅनल राहतो. खरेदी करतानाच पॅनलची लांब केबल सोबत आहे की वेगळी घ्यावी लागेल, ते विचारा. डबा सीटखाली गेला की त्याचा स्पीकर गालिच्याशी बोलतो, म्हणून बाहेरचा स्पीकर हवा. दोन फ्रिक्वेन्सी एकाच वेळी ऐकण्याची सोय उपयोगी आहे. क्रॉस-बँड रिपीट (एका बँडवर ऐकलेलं दुसऱ्यावर पुन्हा पाठवणं) आकर्षक वाटतं, पण त्यासाठीचे नियम आणि डब्याची उष्णता दोन्ही सांभाळावी लागतात. नवख्याने सोडून द्यावं.

एचएफ, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीचे, लांब लहरींचे बँड? तो वेगळाच विषय. ४० मीटर बँडला पाव लहर १० मीटरची होते, गाडीवर उभी राहते दोन-अडीच मीटरची. मधली उणीव कॉइल भरून काढते आणि बरीचशी ताकद उष्णतेत जाते. आधी व्हीएचएफवर गाडी नीट चालू द्या.

चौथी पायरी: सेट कुठे ठेवायचा

एअरबॅगसमोर आणि तिच्या मार्गात काहीही नको: ना पॅनल, ना माइकचा हुक, ना केबल. अपघातात एअरबॅग ती वस्तू तोंडावर फेकते. मुख्य डबा ब्रॅकेटवर पक्का आवळलेला हवा. डबल टेप त्याच्यासाठी नाही. ५० वॉट बाहेर टाकताना सेट सुमारे दीडशे वॉट घेत असतो, म्हणजे शंभरेक वॉट उष्णता होते. पंख्यासमोर चार बोटं मोकळी जागा ठेवा. माइक अशा जागी अडकवा की नजर रस्त्यावरून न काढता हात पोचेल.

पाचवी पायरी: अँटेना जुळवणं

एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) मोजल्याशिवाय पूर्ण ताकदीवर बोलू नका. सीबीसाठीचा (२७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन्स बँडसाठीचा) जुना मीटर १४५ वर चुकीचा आकडा दाखवतो. व्हीएचएफ-यूएचएफचाच मीटर हवा. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) असेल तर आणखी सोपं, पण त्यात सेटची पॉवर चुकूनही सोडू नका, तो जागेवर जळतो.

गाडी मोकळ्या जागी, दारं-डिकी बंद. मीटर वापरत असाल तर कमी वॉटवर, रिकामी फ्रिक्वेन्सी बघून, कॉलसाइन सांगून बँडच्या खालच्या टोकाला, मध्यावर आणि वरच्या टोकाला मोजा. वर जाताना आकडा वाढत असेल तर काडी लांब आहे, खाली वाढत असेल तर आखूड. काडी सरकवता येत असेल तर आधी सरकवा. कापायचीच असेल तर एका वेळी दोन मिलिमीटर. १.५ पर्यंत छान, २ पर्यंत चालेल. १.५ ला परत येणारी शक्ती ४ टक्के असते, २ ला ११. त्यावरून १.३ चा १.१ करण्यात दुपार घालवणं किती फोल, ते कळेल. ३ च्या वर मात्र थांबा. तिथे लांबीचा प्रश्न नसतो. कनेक्टर नीट नाही, केबल तुटली आहे किंवा अँटेना पत्र्याशी जोडलेलीच नाही.

सहावी पायरी: चॅनल भरून ठेवा

घरी बसून, संगणकावर. चर्प हे मोफत सॉफ्टवेअर बऱ्याच सेटांना चालतं. रिपीटरची फ्रिक्वेन्सी, ऑफसेट (ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) आणि टोन (रिपीटर उघडणारा, आवाजासोबत जाणारा बारीक सूर) हे तिन्ही अचूक हवेत. टू मीटरवर ऑफसेट बहुतेक ठिकाणी ६०० किलोहर्ट्झ असतो, पण अधिक की उणे ते बघा. टोन चुकला तर तुम्हाला सगळे ऐकू येतात आणि तुम्हाला कोणीच उत्तर देत नाही. नवख्याला वाटतं, लोक शिष्ट आहेत. चॅनल प्रवासाच्या क्रमाने लावा, म्हणजे पुढच्या डोंगराचा रिपीटर पुढच्याच खटक्यावर येईल.

रस्त्यावर

पहिली हाक इंजिन चालू ठेवून, गाडी उभी करून द्या. कॉलसाइनच्या मागे ‘मोबाइल’ म्हणायची रीत आहे, त्यावरून समोरच्याला कळतं की तुमचा आवाज मध्येच तुटू शकतो. तो तुटतोच. इमारतींवरून परतलेल्या आणि सरळ आलेल्या लहरी काही जागी एकमेकींना मारतात. टू मीटरवर अशा खड्ड्यांमध्ये साधारण एक मीटरचं अंतर असतं. सिग्नलला थांबलात आणि आवाज अचानक गेला, तर पुढची गाडी हातभर सरकेपर्यंत धीर धरा. तुम्हीही हातभर सरकलात की आवाज परत येतो. रहदारीत माइक खाली ठेवायला लाजू नका, पलीकडचा माणूस समजून घेतो.

कुईं, टकटक आणि खरखर

इंजिनच्या वेगासोबत चढणारी-उतरणारी कुईं आल्टरनेटरची. थेट बॅटरीवरून तार आणली असेल तर सहसा येत नाही. आली तर आधी ऋण जोड तपासा. पेट्रोल गाडीत वेगासोबत वाढणारी टकटक ठिणगीची. पण आजकाल खरा चोर निराळाच असतो: यूएसबी चार्जर, डॅशकॅम, बाहेरून घेतलेले एलईडी दिवे. अशा वेळी सेट उघडून बसणं किंवा फिल्टर विकत घेणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्यापेक्षा दूरचा, जेमतेम ऐकू येणारा रिपीटर लावा, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) पूर्ण उघडा आणि एकेक वस्तू सॉकेटमधून उपटत जा. जी काढल्यावर खरखर झपकन खाली येते, ती दोषी. तिच्या वायरीला फेराइटच्या कड्यातून चार-पाच वेढे देऊन बघा, नाहीतर ती वस्तूच बदला.

पावसाळा संपला की अँटेनाचा कनेक्टर एकदा उघडा आणि एसडब्ल्यूआर पुन्हा मोजा. आकडा बसवल्या दिवसापेक्षा बराच वेगळा आला तर केबलचं टोक सोलून आतली जाळी बघा. तांबं काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून भागत नाही. पाणी जाळीतून बरंच आतपर्यंत गेलेलं असतं, अख्खी केबल बदलावी लागते.